पेटीपाशी

सावकाश वाचा. मध्येच आतून हाक आली तर इथेच सोडून उठा, मागचं काही बिघडणार नाही.

तुम्ही एनआयसीयूच्या बाहेर बाकावर बसला आहात. बाळाला जन्मून पुरते दोन दिवस झालेले नाहीत. तोंडातून सारखा फेस येत होता. पहिल्यांदा छातीला लावलं तेव्हा ठसका लागला, ओठ निळे पडले. मग कुणीतरी तोंडावाटे एक बारीक नळी घातली आणि ती साधारण १० सेंटिमीटरवर अडली. एक्स-रेत ती वेटोळं घालून बसलेली दिसली. डॉक्टरांनी केसपेपरच्या कोऱ्या बाजूला पेनाने रेघा ओढून दाखवल्या: ही अन्ननलिका, घशातून खाली येते आणि छातीतच संपते. हा तिचा खालचा तुकडा, जठरातून वर येतो आणि श्वासनलिकेला जाऊन मिळतो. तीन-चार हजार जन्मांमागे एखाद्या बाळात असं घडतं. ऑपरेशन करावं लागेल. इथे सही करा.

सही झाली. आता पाठ टेका. टाके ओढत असतील तर जरा कलून बसा. 'आपल्या श्वासाकडे लक्ष द्या' असं मी म्हणणार नाही. तुमचं लक्ष ज्या श्वासाकडे आहे तो काचेच्या पलीकडे चाललाय. तो मिनिटाला ४० ते ६० वेळा चालतो आणि तेच त्या वयाला बरोबर आहे. त्याच्या वेगाने धावू नका. बाळाला तुमच्याकडून लागणार आहे तो तुमचा संथपणा.

आत जायची वेळ झाली की हात धुवा. त्याआधी घड्याळ, अंगठी, बांगड्या काढायला सांगतील. ओटीभरणाच्या हिरव्या बांगड्या असतील आणि उतरवताना मनात चर्रकन होईल. होऊ द्या. त्या रुमालात बांधून पिशवीत ठेवा, कुठे जात नाहीत. मग साबण. तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, कोपरापर्यंत. घाई करू नका. इथली सगळी कामं दुसऱ्यांच्या हातात आहेत असं वाटत असतं. जंतू आत न नेण्याचं काम मात्र निखळ तुमचं आहे, आणि नवजात शिशूच्या वॉर्डात ते लहान काम नाही.

आता पेटीपाशी उभे राहा. मॉनिटरकडे बघू नका, निदान पहिलं एक मिनिट तरी. त्यावरचे आकडे वरखाली होतील, घंटी वाजेल, आणि पुष्कळदा ती पायाला बांधलेली वायर सरकल्यामुळे वाजलेली असेल. अनुभवी सिस्टर काय करतात ते पाहून ठेवा: घंटी वाजली की त्या आधी बाळाकडे बघतात, मग पडद्याकडे.

पायांपासून सुरुवात करा. तळव्यावर टाचेजवळ टोचल्याची खूण. घोट्याला नावाची पट्टी. तिच्यावर अजून तुमचंच नाव आहे, 'बेबी ऑफ' लावून. पोट उचलतंय, खाली जातंय. छातीवर चिकटवलेल्या तीन गोल पट्ट्या हृदयाचे ठोके मोजतात, आत काही सोडत नाहीत. हाताला लावलेलं सलाईन म्हणजे सध्याचं जेवण. तोंडातली नळी अन्ननलिकेच्या वरच्या, बंद तुकड्यात साठणारी लाळ ओढून घेते, म्हणजे ती श्वासात उतरणार नाही. डोक्याकडची बाजू उंच केलेली आहे, तीही श्वासात काही जाऊ नये यासाठीच. एकेक नळी कशासाठी आहे ते विचारून घ्या. विचारायला लाजू नका, आणि पुन्हा विसरलात तर पुन्हा विचारा. कारण कळलं की त्या जंजाळातून बाळ हळूहळू बाहेर दिसू लागतं: जावळ कुणाचं आहे, कानाची पाळी कुणावर गेलीय.

परवानगी घेऊन हात आत घाला. अंगावरून हात फिरवायचा मोह होईल, तो आवरा. इतक्या कोवळ्या, दमलेल्या बाळाला फिरता हात त्रासाचा होतो. एक तळवा डोक्याला लावून ठेवा, दुसरा दुमडलेल्या पावलांशी. दाबू नका, हलवूही नका, नुसते ठेवा. पोटात असताना त्याला चहूबाजूंनी कड होती, ती आता सापडत नाही; तुमचे दोन हात ती कड होतात. तुमचं बोट त्याच्या मुठीत गेलं आणि मूठ मिटली तर ती जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया आहे, असं पुस्तकं सांगतात. सांगू द्या. ती मूठ मिटलेली असेपर्यंत तुम्ही कुठे जाऊ नका.

याला दुखत असेल का? हा प्रश्न गिळू नका, डॉक्टरांना विचारा. एकेकाळी नवजात बाळाला दुखणं फारसं कळत नाही, या समजुतीवर कित्येक ठिकाणी पुरेशी भूल न देता ऑपरेशनं होत. १९८७ साली कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की चांगली भूल मिळालेली बाळं ऑपरेशनचा ताण जास्त नीट सोसतात. आता वेदनेवर औषध देतात. टोचण्याआधी काही बाळांना साखरेच्या पाण्याचे थेंब जिभेवर देतात, पण तुमच्या बाळाला सध्या तोंडाने काहीच चालत नाही, म्हणून त्या वेळी हात ठेवणारं माणूस जवळ असलेलं बरं. भेटीच्या वेळेचा नियम सांगून आईबापांना दारातूनच परतवणारे वॉर्ड अजूनही आहेत. मला तो नियम पटत नाही. आईवडील तिथे पाहुणे नसतात.

बाहेर या. फोन वाजतोय. घेतला नाहीत तरी चालेल.

घेतलात तर कुणीतरी विचारेल, ग्रहणात सुरी हातात धरली होतीस का? पपई खाल्ली होतीस? तिन्हीसांजेला कुठे गेली होतीस? विचारणारी आत्या वाईट नसते, तिला कारण हवं असतं. तुम्हालाही हवं आहे, आणि रात्री तुम्ही स्वतःलाच तिच्यापेक्षा कडक आवाजात विचारता. म्हणून इथे जरा जास्त वेळ थांबू.

गर्भ चार आठवड्यांचा असतो तेव्हा अन्नाची आणि श्वासाची वाट एकच असते. पुढच्या एक-दोन आठवड्यांत त्या एका वाटेच्या दोन नळ्या होतात. हे सगळं काही मिलिमीटरांच्या जिवात घडतं. पाळी चुकून तेव्हा जेमतेम दोनेक आठवडे झालेले असतात. कित्येकींनी अजून तपासणीही केलेली नसते. त्या दिवसांत ते विभागणं कुठेतरी अर्धवट राहिलं. का, याचं नेमकं उत्तर बहुतेक बाळांच्या बाबतीत सापडत नाही. सुरी, ग्रहण, पपई, जिन्यावरून चढउतर, ऑफिसची धावपळ, रडणं, भांडणं, यातलं काहीही त्या दोन नळ्यांपर्यंत पोचत नाही.

शेवटच्या महिन्यांत सोनोग्राफीत 'पाणी जास्त आहे' म्हणाले होते, ते आता आठवेल. बाळ पोटात ते पाणी गिळत असतं. याला गिळता येत नव्हतं, म्हणून ते साठलं. तेव्हा कळलं असतं तर जन्म मोठ्या इस्पितळात झाला असता, इतकंच. नळी जोडण्याचं काम तरीही जन्मानंतरच होणार होतं. आणि पहिल्यांदा पाजलं तेव्हा बाळ निळं पडलं, हे चित्र डोळ्यांपुढून हलत नसेल, तर त्याच्याकडे एकदा नीट बघा. पाजणारी आई त्यात काय करत होती? मूल जन्मलं की आई जे करते तेच. त्या घोटाने दोष लपू दिला नाही.

त्याच छातीत आता दूध येईल. पेटीतलं बाळ पीत नाही आणि पान्हा मात्र ऐकत नाही; पलीकडच्या वॉर्डात कुणाचं तरी मूल रडतं आणि तुमचा गाऊन ओला होतो. लाज वाटेल, मग राग येईल, मग रडू. तिन्ही येऊ द्या आणि पंप मागा. दर दोन-तीन तासांनी, रात्रीही. पहिला चीक चमचाभरच निघेल, तोही घट्ट आणि पिवळा. बाटलीवर नाव आणि वेळ लिहा. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. दुसऱ्याच्या बाळासाठी दूध देणाऱ्या बायांवर ती उभी राहिली. तुमचं दूध आज बाळाला नको आहे, चार-सहा दिवसांनी लागेल. तोवर शीतपेटीत राहील.

बाबा, आता तुमच्याशी. कदाचित तुम्ही एकटेच बाळाबरोबर ॲम्ब्युलन्समधून आला असाल आणि बाळंतीण अजून तालुक्याच्या दवाखान्यातच असेल. बाळ एकीकडे, ती दुसरीकडे, आणि मधल्या रस्त्यावर तुम्ही: रेशनकार्डाची झेरॉक्स, योजनेचा काउंटर, रक्तपेढीची चिठ्ठी. तुम्हाला 'बसला आहात' म्हणण्यात अर्थ नाही, तुम्ही उभेच आहात. उभ्याने एक करा. तिला फोन लावा आणि तिचा आवाज रेकॉर्ड करून घ्या. अंगाई नसली तरी चालेल, 'काय रे, जेवलास का' असंही चालेल. १९८० मध्ये डिकॅस्पर आणि फायफर या दोघा संशोधकांनी दाखवलं की जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं परक्या बाईच्या आवाजापेक्षा आपल्या आईचा आवाज निवडतात. सिस्टरना विचारून तो फोन हळू आवाजात पेटीजवळ लावा. आणि परत तिला फोन कराल तेव्हा 'सगळं ठीक आहे' म्हणू नका. जावळ कसं आहे ते सांगा.

ऑपरेशनचे तास. बाळाला आत नेलं, दार मिटलं. उजव्या कुशीकडून, बरगड्यांच्या मधून छाती उघडतात. श्वासनलिकेशी जुळलेलं तोंड बांधून तोडतात. मग अन्ननलिकेची दोन टोकं ओढून एकमेकांना शिवतात. ती नळी तुमच्या करंगळीहून बारीक आहे.

इथे मनात जे येतं ते मी दुसऱ्या शब्दांत झाकणार नाही. बाळ जाईल का? १६९७ साली थॉमस गिब्सन या इंग्रज डॉक्टरांनी असं एक बाळ पाहून नीट लिहून ठेवलं, आणि त्यानंतर सुमारे अडीचशे वर्षं लिहून ठेवण्यापलीकडे कुणाला फारसं काही करता आलं नाही. १९४१ च्या मार्चमध्ये अमेरिकेत, मिशिगनमध्ये, कॅमेरन हाइट यांनी एकाच ऑपरेशनात दोन टोकं जोडली आणि ती मुलगी जगली. ती तेव्हा १२ दिवसांची होती. आपल्याकडे बाराव्या दिवशी पाळणा बांधतात. १९९४ मध्ये लंडनच्या लुइस स्पिट्झ यांनी मांडलेल्या हिशेबात दीड किलोहून जास्त वजनाची आणि हृदयात मोठा दोष नसलेली अशी शंभरातली ९७ बाळं वाचत होती. वजन कमी आणि हृदयातही दोष, अशा बाळांचा आकडा फार खाली होता, आणि आपल्याकडे उशिरा, फुप्फुसात जंतुसंसर्ग घेऊन पोचलेल्या बाळाची गोष्टही वेगळी असते. म्हणून तर हृदयाचा इको केला, मूत्रपिंडं पाहिली. तुमच्या बाळाचं काय, हे तुमच्याच डॉक्टरांना विचारा, आणि विचारायचं नसेल तर आज विचारू नका. 'देवावर विश्वास ठेव, होईल सगळं नीट' म्हणणाऱ्यांना मान डोलावून दाखवली तरी पुरे. 'तुम्ही तरुण आहात, अजून होतील' म्हणणाऱ्याला मात्र तेवढीही मान डोलावण्याची गरज नाही.

पाचवी की सहावी रात्र, घराघराची रीत वेगळी. घरी असतात तर पाटा-वरवंटा पुजला असता, कोरा कागद आणि लेखणी ठेवली असती, सटवाई लिहून जाईल म्हणून दिवा जागता ठेवला असता. इथे दिवे विझतच नाहीत. आणि रात्रपाळीच्या सिस्टर दर तासाला लिहितात: नाडी, श्वास, लघवी किती, छातीतल्या नळीतून काय आलं. आजींना फोनवर हे सांगा. त्यांना ते पटेल असा माझा अंदाज आहे.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी नाकातून जठरात गेलेल्या नळीवाटे दूध सुरू होतं. सुरुवात दोन-चार मिलिलिटरने. सिरिंजचा दट्ट्या काढून ठेवतात आणि ती उंच धरतात. दूध आपल्या वजनानेच उतरतं. सिस्टर म्हणाल्या तर तुम्ही धरा. ढकलायचं नाही, हलवायचं नाही, फार उंच न्यायचं नाही. पांढरी रेघ उतरताना बघा. ते तुम्ही रात्री तीनला उठून काढलेलं दूध आहे. पाच मिनिटं लागतील, कधी दहा. मूल वाढवण्याच्या पुढच्या सगळ्या वर्षांत दट्ट्या दाबायचा मोह अनेकदा होईल; सध्या नुसतं धरून ठेवा.

ऑपरेशनपासून पाच-सात दिवसांनी डाई टेस्ट. गिळलेलं औषध पडद्यावर सरळ खाली गेलं तर तोंडाने पाजायची परवानगी मिळते. शिवणीतून थोडं झिरपताना दिसलं तर अजून थांबायचं. लहानशी गळती बहुतेकदा आपोआप भरून येते. घरी गेल्यावरही खोकला खडखडीत, भुंकल्यासारखा येईल आणि बसमध्ये लोक वळून बघतील. जोड आवळला तर फुग्याने रुंद करायला परत यावं लागेल. घास बारीक करावे लागतील. हे आजच कळून ठेवलेलं बरं, म्हणजे पहिल्या खोकल्याला तुम्ही घाबरणार नाही.

आता उठा. डबा आलाय. अळिवाची खीर गार झाली असेल तर तशीच खा, भाकरीही खा, पाणी भरपूर प्या. पुढचा पंप दोन तासांनी आहे, तोवर झोप लागली तर बाबांना उठवायला सांगा. आणि उद्याच्या राउंडला विचारायचे प्रश्न आत्ताच केसपेपरच्या त्या कोऱ्या बाजूला लिहून ठेवा, नळ्यांच्या चित्राखाली जागा आहे.