उद्यांच्या मतदाराचा हक्क

लोकांनीं राजीखुषीनें दिलेलें मत अन्यायाचें कारण होऊं शकतें काय, हा प्रश्न लोकशाहीच्या चाहत्यांस अप्रिय वाटणें साहजिक आहे. परंतु मध्य अमेरिकेंतील एल साल्वादोर ह्या लहानशा देशाचा अलीकडचा इतिहास पाहिला म्हणजे तो टाळतां येत नाहीं.

ह्या देशांतील यादवी युद्धांत १९८० ते १९९२ पर्यंत सुमारें पाऊण लाख माणसें मेलीं. तह झाला, आणि कालचे बंदूकधारी शत्रु निवडणुकीच्या आखाड्यांत उतरले. उजवा 'आरेना' पक्ष १९८९ पासून वीस वर्षें व पूर्वीच्या बंडखोरांचा 'एफएमएलएन' पुढें दहा वर्षें अध्यक्षपदावर राहिला. फ्लोरेस, साका व फुनेस ह्या लागोपाठच्या तीन अध्यक्षांवर अपहाराचे आरोप आले. साका ह्यांस तर २०१८ सालीं दहा वर्षांची शिक्षा झाली. टोळ्यांनीं गल्लोगल्लीं खंडण्या उकळाव्या, २०१५ सालीं लाख वस्तीमागें शंभरांवर खून पडावे, आणि मतदारानें दर पांच वर्षांनीं दगडापेक्षां वीट मऊ म्हणून कोणास तरी मत द्यावें, असें चाललें होतें.

३ फेब्रुवारी २०१९ रोजीं लोकांनीं दोघांसही झिडकारलें. सदतीस वर्षांचे नायीब बुकेले पहिल्याच फेरींत निम्म्याहून अधिक मतें घेऊन निवडून आले. (ते स्वतः एफएमएलएनमधून काढलेले, आणि ज्या पक्षातर्फें उभे राहिले तो आरेनांतून फुटलेला, नव्याची नवलाई अशी जुन्याच घरांतून आली होती.) ह्या निकालास आम्ही दोष देत नाहीं. वीट येण्याचा अधिकार मतदारास नसेल तर मताधिकार तो कसला?

२०२१ सालीं विधिमंडळांतही बुकेले ह्यांच्या पक्षास दोनतृतीयांश बहुमत मिळालें, आणि १ मे रोजीं, नव्या सभागृहाच्या पहिल्याच बैठकींत, घटनापीठाचे पांचही न्यायाधीश काढून टाकण्यांत आले. लागोपाठ दुसरी कारकीर्द राज्यघटनेस मान्य नाहीं असें समजलें जात असे; नव्या न्यायाधीशांनीं ती मान्य केली. २०२४ सालीं बुकेले शेंकडा ८४ हून अधिक मतांनीं पुन्हा निवडून आले. जुलै २०२५ मध्यें अध्यक्षानें कितीही वेळां उभें राहावें अशी घटनादुरुस्तीही झाली.

दरम्यान मार्च २०२२ मध्यें एकाच दिवशीं ६२ खून पडल्यावर आणीबाणी जाहीर झाली. ती महिन्यामागून महिना वाढत गेली व ऐंशीं हजारांवर माणसें तुरुंगांत गेलीं. खून विलक्षण घटले. ही गोष्ट लपवणें अप्रामाणिकपणाचें होईल. ज्या आईचा मुलगा आतां रात्रीं कामावरून सुखरूप घरीं येतो, तिला सत्ताविभागणीचें तत्त्व आम्ही कोणत्या तोंडानें सांगणार? परंतु दुसरीही एक आई आहे. तिचा मुलगा केवळ संशयावरून नेलेला आहे, आणि सरकारची भीड न धरतां त्याची बाजू ऐकेल असा न्यायाधीश तिनें कोठें शोधावा? पुढें सरकारलाच हजारों निरपराध्यांस सोडावें लागलें. पहिलीच्या सुखाची किंमत दुसरीनें द्यावी, हा सौदा ठरवला कोणी? बहुमतानें, असें उत्तर येईल. आणि बहुमत तर पहिलीच्याच बाजूचें आहे.

येथें त्या दोन जुन्या पक्षांचें एक न दिसणारें काम लक्षांत येतें. एक गादीवर असतां दुसरा टपून बसलेला असे. हा पहारा सद्गुणाचा नव्हता, लोभाचा होता. तरी पहाराच होता. २०१९ च्या मतदारास जुन्यांना हांकलतां आलें तें ह्याच मोडक्या व्यवस्थेमुळें. पहारेकरी चोर निघाले तर दुसरे नेमावे. पहाराच उठवण्याचा अधिकार त्यांतून निघत नाहीं. त्या सालीं जी मुलगी दहा वर्षांची होती ती मतदार होईल, आणि तिलाही कधींतरी राज्यकर्त्यांचा वीट येईल. तेव्हां त्यांस घालवणें तिच्या बापाला होतें तितकें सोपें असेल काय? तिच्या वतीनें हा सौदा करण्याचें मुखत्यारपत्र तिनें कोणास दिलें होतें, असें आम्हांस दिसत नाहीं.