झाकणे आणि फसविणे

ज्याच्या मनात पाप नाही त्याला लपवावयाचे ते काय, असे एक वाक्य अलीकडे वारंवार कानी पडते. दुकानदाराने मोबाईलचा क्रमांक विचारला असता, कोणी आधार कार्डाची प्रत मागितली असता, अथवा एखाद्या नव्या ॲपने आपली छायाचित्रे, ओळखीच्या लोकांची यादी व ठावठिकाणा मागितला असता जो क्षणभर थबकतो, त्याला हे वाक्य ऐकविले जाते. वाक्य ऐकावयास सात्त्विक आहे. सत्याने वागणाऱ्याचे घर उघडे असावे हा आपला जुना संस्कार, आणि त्या संस्काराचाच आधार हे वाक्य घेते. म्हणूनच त्याची परीक्षा होणे अवश्य आहे. गुप्तता ही असत्याची सखी आहे, की सत्याशी तिचा मुळीच विरोध नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न होय.

प्रथम दोन क्रिया वेगळ्या केल्या पाहिजेत. झाकणे ही एक आणि फसविणे ही दुसरी. फसविणारा दुसऱ्याच्या मनात खोटी समजूत निर्माण करतो. झाकणारा कोणतीच समजूत निर्माण करीत नाही. तो केवळ आपल्या वस्तूवर आपला पदर ओढतो. घरातील आजारपण, डोक्यावरचे कर्ज, मुलीच्या लग्नाची चाललेली बोलणी, देवापुढे केलेला नवस, या गोष्टी आपण चारचौघांत सांगत नाही. त्या सांगितल्या नाहीत म्हणून आपण असत्य बोललो, असे कोणी म्हणत नाही. दानपेटीत मूठ झाकून पैसे टाकणाऱ्याला तर आपण अधिक मान देतो आणि त्याच्या कृतीला गुप्तदान हे सुंदर नाव देतो. भगवद्गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत ‘सत्य’ आणि ‘अपैशुन’ हे दोन्ही एकाच श्लोकात आलेले आहेत. अपैशुन म्हणजे चहाडी न करणे, दुसऱ्याचे गुह्य उघड्यावर न मांडणे. जी गोष्ट खरी आहे ती सर्वत्र सांगितलीच पाहिजे असे असते, तर हे दोन गुण एकत्र नांदू शकले नसते.

झाकण्याचा अधिकार काढून घेतला म्हणजे काय होते, हे पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. आपल्या जोयडा तालुक्याच्या सीमेपलीकडेच गोवा आहे. तेथे पोर्तुगीजांनी १५६० साली धर्मसमीक्षणाचे न्यायालय स्थापन केले. मध्यंतरीची चार वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात त्याचा सप्रमाण इतिहास दिला आहे. या न्यायालयाने १७३६ साली काढलेला हुकूमनामा प्रसिद्ध आहे. धर्मांतरित कुटुंबांनी अंगणात तुळस लावू नये, लग्नात हळद लावू नये, इतकेच नव्हे तर भात मीठ न घालता शिजवू नये, अशी बंधने त्यात होती. आता भातात मीठ आहे की नाही हे कसे कळावे? ते कळण्यास कोणीतरी स्वयंपाकघरापर्यंत पोहोचले पाहिजे. शेजारी, गडी, आप्त यांच्या तोंडून ते पोहोचत असे. आणि ज्याच्यावर आरोप आला त्याला आरोप करणाऱ्याचे नाव सांगितले जात नसे.

येथे एका धर्माचा दोष काढणे हा उद्देश नाही. या न्यायालयाने सर्वाधिक छळले ते नवख्रिस्ती लोकांनाच, हे विसरता कामा नये. दोष होता तो सत्तेच्या एका रचनेचा. त्या रचनेत दुर्बळाचे घर पूर्ण उघडे होते आणि सत्तेचा कान पूर्ण झाकलेला होता. गृहिणीने चुलीवर काय ठेवले हे न्यायालयास माहीत; परंतु न्यायालयास कोणी काय सांगितले हे गृहिणीस अज्ञात. जेथे हे प्रमाण असे उलटे होते, तेथे निष्पाप मनुष्यालाही भय वाटू लागते. तुळस लावणे हे पाप नव्हते. म्हणजे ‘पाप नाही त्याला लपवावयाचे काय’ या वाक्यातील खरी मेख अशी की, पाप कशाला म्हणावे हे पाहणारा ठरवितो, पाहिला जाणारा नव्हे.

स्वतंत्र भारतातही हा प्रश्न न्यायालयापुढे आला. उत्तर प्रदेशातील खरकसिंग नामक इसमावर पोलिसांची पाळत होती आणि रात्री-अपरात्री त्याच्या घरी जाऊन तो घरी आहे की नाही हे पाहिले जाई. १९६२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने या रात्रीच्या भेटी बेकायदा ठरविल्या. परंतु खाजगीपणाचा अधिकार असा घटनेत नाही, असे बहुमताने म्हटले. न्या. सुब्बा राव यांचे मत मात्र भिन्न होते. खाजगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच अंश आहे, असे त्यांनी त्या वेळीच नोंदविले. तो अल्पमताचा विचार पुढे बहुमताचा झाला. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ साली आधार योजनेसंबंधी अर्ज केला, आणि त्यातून निघालेल्या या प्रश्नावर २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. आपल्याच राज्यातील एका वयोवृद्ध न्यायाधीशाच्या प्रयत्नाने ही गोष्ट सिद्ध झाली, हे आपणांस भूषणावह होय.

अधिकार मिळाला तरी कडी आपल्या हातांनीच लावावी लागते. पूर्वी पोस्टकार्ड आणि बंद पाकीट यांतील भेद लहान मुलासही ठाऊक होता. पोस्टकार्ड वाटेत कोणीही वाचावे. म्हणून त्यात खुशालीपलीकडे काही लिहीत नसत. मोबाईलवरील संदेशांतही असाच भेद आहे. साधा एसएमएस हा पुष्कळसा पोस्टकार्डासारखा आहे. व्हॉट्सॲपसारख्या सेवेतील संदेश २०१६ पासून कूटरूपाने जातो, म्हणजे पाठविणारा आणि घेणारा यांच्यावाचून मधल्या कोणासही, त्या कंपनीसही, त्यातील मजकूर वाचता येत नाही.

हे कसे घडते? १९७६ साली डिफी आणि हेलमन या दोन अमेरिकन विद्वानांनी ज्या कल्पनेचा पाया घातला, ती आपल्या देवळातील दानपेटीवरून उत्तम समजते. पेटीची फट सर्वांसाठी उघडी असते. कोणीही यावे आणि आत टाकावे. परंतु आत पडलेले बाहेर काढावयाचे तर किल्ली लागते, आणि ती ज्याची पेटी त्याच्याजवळच असते. प्रत्येक मोबाईलमध्ये अशी एक पेटी आणि एक किल्ली असते. पेटीची फट जगास ठाऊक असते, किल्ली त्या मोबाईलबाहेर जात नाही. संदेश पाठविणारा तो घेणाऱ्याच्या पेटीच्या फटीतून आत सोडतो; एकदा आत पडला की त्यालाही तो त्या पेटीतून परत काढता येत नाही.

तथापि या कुलपावर भलताच विश्वास टाकू नये. आपण कोणाशी, केव्हा आणि किती वेळा बोललो, हे कुलूप झाकीत नाही. पेटीतले दिसत नसले तरी पेटीपाशी कोण आले ते दिसतेच. शिवाय दोन्ही टोकांस मोबाईल उघडा पडलेला असेल, तर मधल्या कुलपाचा उपयोग शून्य. आणि आपणच ओटीपी नावाचा सहा आकडी अंक अनोळखी माणसास वाचून दाखविला, तर किल्ली आपणच त्याच्या हाती दिली असे होते.

आता दुसऱ्या पक्षाचे म्हणणे प्रामाणिकपणे ऐकिले पाहिजे, कारण ते पोकळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. ते मंगळवेढ्याकडून पोटासाठी आलेले होते. मुले पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाईलवरून पसरली होती. पिढ्यान्पिढ्या ज्यांना दारी भिक्षा वाढली त्यांना एका निनावी संदेशाने राक्षस ठरविले. तो संदेश प्रथम कोणी लिहिला? कुलूप असल्यामुळे ते शोधणे दुष्कर. म्हणून २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नियम केला की मोठ्या संदेशसेवांनी, तसा योग्य आदेश आल्यास, संदेशाचा पहिला प्रेषक ओळखून द्यावा. असे करावयाचे तर सर्वांचेच कुलूप मोडेल, असे म्हणून व्हॉट्सॲपने त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. पाच निरपराध प्रेते एका पारड्यात आहेत. ‘आमचा खाजगीपणा’ एवढे म्हणून ते पारडे उचलले जाणार नाही.

तरीही माझे मत कुलूप न मोडण्याकडे झुकते, आणि त्याची कारणे अशी. दानपेटीच्या मागच्या बाजूस एक गुप्त फळी ठेवली, आणि ती केवळ सज्जन विश्वस्तांनीच उघडावी असा ठराव केला, तरी फळी ती फळीच. आजचे विश्वस्त सज्जन असतील. उद्याचे कोण, हे कोणी सांगावे? आणि फळी आहे हे चोरासही कळतेच. दुसरे असे की राईनपाड्यातील घात अंधारात झाला नाही. तो दिवसाढवळ्या झाला, त्याची चित्रफीत निघाली, मारणाऱ्यांना अटक झाली. तेथे उणीव पडली ती किल्लीची नव्हे, विवेकाची. अफवेचा पहिला लेखक अज्ञात असला तरी तिचा शेवटचा वाहक अज्ञात नसतो; तो आपल्या ओळखीचा, आपल्या गटातला, पुष्कळदा आपणच असतो. जो संदेश मी पुढे धाडला तो माझा शब्द झाला. ‘मला आला म्हणून मी पाठविला’ ही सबब चहाडीची आहे, सत्याची नव्हे. मत असे झुकले तरी त्याची किंमत आहे, हे मान्य केले पाहिजे: कुलूप राहिले तर केव्हा केव्हा एखादा दुष्टही त्याच्या आड दडेल. ती किंमत सोसण्याजोगी होण्यास प्रत्येक हाताने थांबावयास शिकले पाहिजे.

यातून एक कसोटी हाती येते. देताना नाव नसले तरी चालते. दोष देताना नाव असले पाहिजे. जो गुप्तपणे देतो, तो स्वतःकडील काही कमी करतो. जो गुप्तपणे आरोप करतो, तो दुसऱ्याकडील काही हिरावून घेतो आणि किंमत मात्र भरीत नाही. यास एकच अपवाद करणे न्याय्य होय. बलवानाविरुद्ध तक्रार करणाऱ्या दुर्बळाचे नाव जमावापासून झाकले जावे, मात्र निवाडा करणाऱ्यास ते ठाऊक असावे आणि त्याने त्याच्या म्हणण्याची छाननी करावी. गोव्यातील त्या न्यायालयाने पडदा बलवानाला दिला. पडदा खरा हवा असतो तो दुर्बळाला.

आपल्या तालुक्याकडे वळू. जोयडा विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ. रानात विखुरलेल्या अनेक वाड्यांत अद्याप सिग्नल मिळत नाही. जेथे तो मिळतो त्या चढणीवर वा वळणावर चार माणसे उभी राहून बोलतात, आणि एकाच्या घरचे दुखणे चौघांच्या कानी जाते. ते कानी आले तरी तोंडी न आणणे, हीच तेथील कडी. पुष्कळ घरांत मोबाईल एकच. २०२३ साली गृहलक्ष्मी योजना आली, तेव्हा गृहिणींना आधार, रेशन कार्ड व बँकेचे खाते घेऊन ग्राम-वन केंद्रांत जावे लागले. लिहिता-वाचता न येणारी आजी आपला अंगठा आणि आपला ओटीपी दुसऱ्याच्या स्वाधीन करते, तेव्हा ती आपल्या घराची किल्ली देत असते. तिला मदत करणाऱ्या नातवाने अथवा सुनेने तो अंक पैशाच्या रकमेप्रमाणे सांभाळावा. आधारची प्रत देताना शेवटचे चारच अंक दिसतील अशी झाकलेली प्रत काढता येते, अंगठ्याचे ठसे काही काळ बंदही ठेवता येतात, आणि फसवणूक झालीच तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळविता येते. या गोष्टी घरातील जाणत्या मुलांनी वडिलधाऱ्यांस न कंटाळता समजावून सांगाव्यात. तीही सेवाच होय.

आणि आपल्या देवस्थानासही हा नियम लागू आहे. सभासदांची नावे, पत्ते व क्रमांक आपण पूजेच्या निमित्ताने घेतो. ते त्याच निमित्तापुरते असावेत. २०२३ च्या वैयक्तिक माहितीसंरक्षण कायद्याच्या मुळाशी हेच तत्त्व आहे की ज्या कामासाठी माहिती घेतली, त्याच कामी ती लागावी. पावतीचे छायाचित्र क्रमांकासह गटावर टाकणे, अभिषेक कोणत्या दुखण्यासाठी केला हे सांगत सुटणे, देणगी न देऊ शकलेल्या घरांची यादी फिरविणे, यांत कायद्याचा प्रश्न मागाहून येतो. प्रथम अपैशुनाचा येतो. कोणी आपले नाव नको म्हटल्यास तेथे आग्रह करू नये.

गाभाऱ्यावर पडदा ओढला जातो तो देवास काही लपवावयाचे असते म्हणून नव्हे. नैवेद्याच्या त्या काही क्षणांस बाहेरच्या डोळ्यांची आवश्यकता नसते, एवढाच त्याचा अर्थ. मनुष्याच्या आयुष्यातही असे क्षण आहेत. ते आपल्यासाठी मागावेत, दुसऱ्यास द्यावेत, आणि त्यांच्या आड राहून कोणाचा घात करू नये. या तिन्ही गोष्टी ज्याला साधल्या, त्याचे दार बंद असले तरी त्याचे घर स्वच्छच आहे.