मिशीवाली आई

गुजरातीत गिजुभाई बधेकांना ‘मूछाळी मा’ म्हणतात. मराठीत ‘मिशीवाली आई’ केलं की हसू येतं आणि आदर गळून पडतो. वकिली सोडून आलेल्या या माणसानं १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. ताराबाई मोडक त्यांच्याबरोबर काम करून पुढे बोर्डी-कोसबाडला आल्या. १९३९ मध्ये गिजुभाई गेले, त्याच वर्षी मारिया माँटेसरी इथे अड्यारला आल्या. हे सगळं मला पाठ आहे.

तरीही माझ्या मुलाच्या प्लेस्कूलमध्ये एक तरुण शिक्षक आले, तेव्हा पालकांच्या पत्रावर मीही सही केली. मागणी एकच: सरांनी मुलांना बाथरूममध्ये नेऊ नये.

भीती खोटी नव्हती. पॉक्सो कायदा २०१२ साली उगीच आला नाही. पण सह्या गोळा होताना एक आई आवाज खाली करून म्हणाली, “ते कुठल्या गावचे, कुठल्या वस्तीतले, काही माहीत आहे का?” तमिळमधला तो प्रश्न मला भाषांतराविना कळला. आपल्याकडे आडनाव विचारून भागतं. इथे बहुतेक लोक आडनाव लावत नाहीत, म्हणून वस्ती विचारतात. आदल्या वर्षी महिनाभर आलेला गोरा जर्मन स्वयंसेवक मुलांना कडेवर घेऊन हिंडायचा. त्याचे फोटो आम्हीच ग्रुपवर टाकले होते.

म्हणजे आमची भीती सगळ्या पुरुषांची नव्हती. कुणाला भ्यायचं हे ती रंग आणि वस्ती बघून ठरवत होती. कुठल्याही मोठ्या माणसानं मुलाबरोबर बंद दाराआड एकटं असू नये, असा नियम न्याय्य झाला असता. तो आम्ही मागितला नाही. त्यात आम्हीही आलो असतो.

शाळेनं मागणी मान्य केली. धुण्यापुसण्याचं काम आयांकडे गेलं, पगार तोच. त्यांना कुणी विचारलंही नाही. १९७५ पासूनच्या अंगणवाड्यांतही सेविका आणि मदतनीस बायकाच, आणि त्यांना मिळतं ते मानधन. आईपण फुकट असतं हे गृहीत धरलं की पुरुष तिथे कशाला येईल? आणि आलाच, तर का आला, हा संशय.

सर अजून आहेत. नाक वाहायला लागलं की माझा मुलगा त्यांच्याकडेच धावतो. ते खिशातून रुमाल काढतात, पण आधी दाराकडे बघतात.