पऱ्हाटी कोणाची?

यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना बोरी अरबच्या आसपासची रानं फेब्रुवारीत बघावीत. कापसाचा शेवटचा वेचा होऊन गेलेला असतो आणि उभी असते नुसती पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं. काळपट, काटक, अंगावर रिकामी बोंडं घेऊन. मग एखाद्या संध्याकाळी धुऱ्यावर ढीग पेटतो, आणि हेक्टरी दोन-तीन टन लाकूड रात्रीतून राख होतं. मुद्दाम लाकूड म्हणतो आहे. कारण पऱ्हाटी गवत नाही. तिच्यातून फर्निचरची फळी निघते, हे नागपुरात सिद्ध झालेलं आहे.

या भागातला कापूस फिरायला कधीच लाजला नाही. दारव्ह्यावरून एकेकाळी धावणाऱ्या ‘शकुंतले’ने, त्या मूर्तिजापूर–यवतमाळच्या अरुंद गाडीने, त्याच्या गाठी पुढे मुंबईच्या वाटेला लावल्या. सरकीचंही चांगलं चाललं. क्विंटलभर कापूस जिनात गेला की 34-35 किलो रुई निघते, उरते ती बहुतेक सरकी. सरकीचं तेल, तेलानंतरची ढेप, ढेप गायी-म्हशींना, शेण पुन्हा वावरात. ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ हा शब्द परिषदांमधून आपल्याकडे यायच्या कितीतरी आधीपासून हे चक्र फिरत होतं, आणि कोणी त्याला नाव दिलं नव्हतं. पऱ्हाटी मात्र बाजाराच्या हिशेबात कधी आलीच नाही.

ती यावी म्हणून एक नेटाचा प्रयत्न झाला, तो आंतरराष्ट्रीय होता. अॅमस्टरडॅमच्या ‘कॉमन फंड फॉर कमोडिटीज’ने पैसा दिला, वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय कापूस सल्लागार समितीने देखरेख केली आणि काम केलं मुंबईच्या ‘सिरकॉट’ने. 1924 साली माटुंग्यात सुरू झालेली ही कापूस तंत्रज्ञानाची प्रयोगशाळा. तिच्या नागपूरच्या केंद्रात पऱ्हाटीचे तुकडे करून, राळ मिसळून, गरम दाबाखाली पार्टिकल बोर्ड बनवणारा प्रायोगिक कारखाना उभा राहिला. पुढे कांडी-कोळसा आणि पेलेट आले. टांझानिया, युगांडा, झांबिया आणि झिम्बाब्वेसाठी संयुक्त राष्ट्रांच्या ‘अंक्टाड’ने कापसाच्या उपउत्पादनांचा प्रकल्प हाती घेतला, तेव्हा ही नागपूरची विद्या तिकडे उपयोगी पडली. एरवी ज्ञान तिकडून येतं आणि आपण प्रमाणपत्र घेतो. इथे उलटं घडलं, याचं अप्रूप वाटायला हरकत नाही.

मग बोरी अरबचा ढीग अजून का पेटतो?

कारण कारखाना बनवणं हा या कामातला सोपा भाग होता. पऱ्हाटी फुलून पसरलेली असते; ट्रॉली डोळ्यांना भरलेली दिसते, काट्यावर हलकी भरते. शेतातच तिचा चुरा केला नाही तर डिझेल तिच्या किमतीला खाऊन टाकतं. त्याआधी ती उपटायची. चिमट्याने एकेक झाड ओढणाऱ्या माणसाची मजुरी कोण देणार? कारखाना भाव देतो तो आपल्या फाटकापाशी. फाटकापासून वावरापर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटर कोणत्याही करारात नीट बसत नाहीत. परदेशी निधी यंत्राला मिळतो, कारण यंत्राचा फोटो निघतो. चुरा करणारं यंत्र गावोगाव फिरवणाऱ्या चार पोरांच्या भांडवलाला तो सहसा मिळत नाही. आंतरराष्ट्रीय सहकार्याने पहिला पैसा तिथे घालायला हवा होता, असं माझं मत आहे.

पण खरी गुंतागुंत याहून जुनी आहे. आपण पऱ्हाटीला ‘कचरा’ म्हणून टाकतो, आणि तिथेच चुकतो. गॅसची टाकी घरी असली तरी ती भरायला पैसे लागतात. पऱ्हाटीच्या भाऱ्याला लागत नाहीत. ज्या बाईला स्वतःचं वावर नाही, तिच्या चुलीचं वर्षाचं सरपण दुसऱ्याच्या रानातून येतं, मालकाला न विचारता किंवा नुसतं सांगून. पऱ्हाटीला टनाचा भाव फुटला की हा न लिहिलेला हक्क पहिल्या दिवशी संपतो. मातीचाही दावा आहे. सगळी पऱ्हाटी बॉयलरमध्ये गेली, तर कारखान्याच्या कागदावर वर्तुळ पूर्ण होतं आणि काळ्या जमिनीचं उघडं राहतं. रोटाव्हेटर घालून पऱ्हाटी तिथेच गाडणारा शेतकरी मागासलेला नाही. त्याने आपला हिशेब वेगळा मांडला आहे.

तिसरा दावेदार न बोलावता येतो: गुलाबी बोंडअळी. फरदडीच्या, म्हणजे हंगामानंतरच्या जादा वेच्याच्या, लोभाने कापूस उभा ठेवला, की उरल्यासुरल्या बोंडांत ती मुक्काम करते आणि पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्या शेतातही निघते. म्हणजे पऱ्हाटी वेळेवर रानाबाहेर निघण्यात सगळ्या शिवाराचा फायदा आहे, आणि खर्च मात्र एकट्याचा. हा खर्च कारखान्याने उचलला, तर शेतकऱ्याला पऱ्हाटीचा भाव कमी मिळाला तरी परवडेल. अळी थांबण्याची किंमत मात्र कोणत्याही प्रकल्पाच्या ताळेबंदात मला दिसत नाही.

झिम्बाब्वेत पऱ्हाटी ठरलेल्या तारखेच्या आत नष्ट करावी, असा कायदाच आहे. आपल्याकडे कृषी विभाग सल्ला देतो. बोरी अरबच्या शिवारात ती तारीख ठरवतं ते वेगळंच काही: हरभरा निघून मजूर मोकळा कधी होतो, आणि चुलीपाशी रचलेला भारा किती उरला आहे.