पाण्याची गोळी आणि एसटीचा प्रवास

डहाणूच्या महालक्ष्मीचं मूळ ठाणं गडावर. एक गरोदर भक्तीण दर्शनाला निघाली, चढणीवरच तिची शुद्ध हरपली, तेव्हा तिच्यासाठी देवीच पायथ्याशी विवळवेढ्याला आली, अशी आख्यायिका सांगतात. चैत्र पौर्णिमेपासून इथे यात्रा भरते. त्या गर्दीत दम लागून वाटेत टेकलेली माणसं दिसतात. सगळ्यांचाच दम वयाचा नसतो. रात्री आडवं झालं की जीव घाबरतो, उशीवर उशी रचावी लागते, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो, अशी लक्षणं असतील तर हृदयाची ताकद कमी पडून अंगात पाणी साठत असेल, ही शंका घ्यावी आणि दवाखाना गाठावा.

हा आजार डॉक्टर तपासतात, पण सांभाळावा लागतो घरीच. रोज सकाळी उपाशीपोटी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर वाट पाहत थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. मीठ बेतानं. बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही. हे सगळं ओपीडीत दोन मिनिटांत सांगून होतं. शेवटी ‘समजलं ना?’ असं विचारलं की समोरचा मान डोलावतो. पांढऱ्या कोटासमोर ‘नाही’ कोण म्हणणार?

मग महिन्याभरात तोच माणूस सुजून परत येतो आणि केसपेपरवर शेरा पडतो, गोळ्या नियमित घेत नाही. का घेत नाही, हे कुणी विचारत नाही. अंगात साठलेलं पाणी काढणाऱ्या ‘पाण्याच्या गोळी’नं तासाभरात लघवीला धावावं लागतं. डहाणूला एसटीनं जायचं असेल त्या दिवशी माणूस, त्यातही बाई, ती गोळी मुद्दाम टाळते. त्या दिवशी गोळी घरी परतल्यावर घेतली तर चालेल का, हे डॉक्टरांनी तिला एका वाक्यात सांगता येतं. पण त्यासाठी आधी तिचा प्रवास माहीत हवा.

मिठाचंही तसंच. ‘सुकी मासळी बंद’ असा सरसकट हुकूम सुटतो. किनाऱ्यावर वलांडीवर सुकणारे बोंबील बहुधा बिनमिठाचे असतात. मीठ चोळलेली असते ती खारवलेली मासळी. आणि भाकरीला तोंडी लावणं म्हणून ज्या घरात मिरची-मीठच असतं, तिथे ‘मीठ सोडा’ म्हणणाऱ्याने त्याऐवजी काय खावं तेही सांगायला हवं.

१९९५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नर्सच्या पुढाकारानं वृद्ध रुग्णांना शिकवलं गेलं, त्यांच्या आहाराकडे आणि गोळ्यांकडे पाहिलं गेलं, घरी जाऊन विचारपूस केली गेली. हृदय कमकुवत झाल्यामुळे पुन्हा भरती होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी झालं. तिथे शिकवण्याला पाठपुराव्याची जोड होती, हे आपण सोयीनं विसरतो. ‘स्वतःची काळजी स्वतः घ्या’ हे वाक्य फार लवकर ‘आता तुमचं तुम्ही बघा’ असं होऊन बसतं.

घरी वजनाचा काटा नसेल तर उपकेंद्रातला काटा आहे. तोही लांब असेल तर पैंजण रुतायला लागलं की निघायचं, हे गावातली आशाताई वारलीत सांगू शकते. ‘समजलं ना?’ ऐवजी ती विचारेल, ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगशील?’ उत्तरातच कळतं, कुठे अडलंय ते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा मासेमारीच्या हंगामात गुजरातच्या बोटींवर जाणाऱ्याला आणखी एक प्रश्न हवा: परत कधी येणार? आणि तोवर पुरतील इतक्या गोळ्या त्याच्या पिशवीत आहेत का, हे मात्र देणाऱ्यानंच मोजायचं.