पूर्वजांचे ऋण

आपल्या घराण्याचा मागोवा घेणे हे कर्तव्य आहे, की अहंकाराला घातलेले खतपाणी? मराठवाड्यात हा प्रश्न आता केवळ पुस्तकी राहिलेला नाही. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेल्यावर कुणबी नोंदींसाठी निजामकाळातील उर्दू व मोडी कागद धुंडाळले जाऊ लागले. आरक्षणाच्या वादात आम्ही शिरत नाही. परंतु पणजोबांचे नाव असलेल्या एका कागदाचे मोल केवढे असते, हे त्या निमित्ताने घरोघरी उमगले.

वंशाची नोंद ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनीच. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत. विसाव्या शतकात अनेक कोकणस्थ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापून घेतले. ही कामे चिकाटीची आणि आदरणीय आहेत. पण ज्यांच्याजवळ ना जमीन, ना वतन, ना तीर्थयात्रेचा पैसा, त्यांची नावे कोणी लिहावीत? नांदेड-लातूरकडील आपल्या कितीतरी कुटुंबांत आजोबांच्या पलीकडे स्मृती जात नाही. पूर्वज नव्हते असे नाही. ते दुसऱ्याच्या शेतात राबत होते, आणि राबणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर चढत नसते.

या बाबतीत दूरदेशीचे एक उदाहरण विचार करण्याजोगे आहे. १८२५ साली ‘रेस्टॉरेशन’ नावाचे लहानसे गलबत नॉर्वेतील स्ताव्हांगर बंदरातून अमेरिकेस निघाले. पुढील शंभर वर्षांत सुमारे आठ लाख नॉर्वेजियन त्या वाटेने गेले. त्यांच्या वंशजांनी आपापल्या मूळ परगण्याच्या नावाने मंडळे स्थापिली. त्यांना ‘बिग्देलाग’ म्हणतात. गेलेल्यांत गरीब कुळे आणि मजूर पुष्कळ होते. तरीही त्यांचा माग आज लागतो, तो मुख्यतः तेथील चर्चच्या नोंदवह्यांतून. सरदाराचा आणि सालगड्याचा बाप्तिस्मा एकाच वहीत लिहिला गेला होता.

अशी वही आपल्याही धर्मग्रामात आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली धर्मगुरूंना विवाहाची वही ठेवण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू यांच्या नोंदींचे नमुने घालून दिले. या वहीत बालकाच्या पित्यासोबत मातेचेही नाव लिहिले जाते. लग्नानंतर माहेरचे नाव पुसले जाण्याच्या आपल्या समाजात ही लहान गोष्ट नव्हे. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बालकांच्या नावात आईचे नाव आवश्यक केले, तेव्हा आम्हाला या जुन्या वहीची आठवण झाली.

कोणी म्हणेल, संत पौलाने तीमथ्याला अंतहीन वंशावळ्यांच्या नादी लागण्याविरुद्ध सावध केले होते, त्याचे काय? ते खरेच आहे. कुळाच्या बळावर इतरांना हीन लेखणारी वंशावळ विषारी असते. परंतु संत मत्तयाने शुभवर्तमानाचा आरंभ वंशावळीनेच केला, आणि तीत तामार, राहाब, रूथ व उरीयाची पत्नी यांना स्थान दिले. अडचणीची वाटणारी नावे त्याने गाळली नाहीत. गर्व नावे निवडून घेतो; ऋण मानणारा सगळी नावे घेतो, एवढाच दोहोंत भेद आहे.

आणि येथेच आपल्यापैकी अनेकांची कसोटी लागते. शिकलेल्या, शहरात स्थिरावलेल्या मुलांना आजीच्या वेठबिगारीची, गावकुसाबाहेरच्या वस्तीची, पाणवठ्यावरील अपमानाची गोष्ट नकोशी वाटते. त्यांची वेदना आम्ही समजतो. पण लाज कोणाची? अपमान सोसणाऱ्याची नव्हे, करणाऱ्याची. ती गोष्ट झाकली, तर अन्याय करणाराच पुन्हा एकदा जिंकतो, आणि आजी दुसऱ्यांदा नाहीशी होते.

वेळही थोडा आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे दगडमातीखाली गेली. त्यांच्याबरोबर पेट्यांतील कागद गेले, आणि म्हाताऱ्यांच्या मुखी असलेली नाती-गोतीही गेली. पुनर्वसनात घरे मिळाली, रस्ते मिळाले. पण अमक्याची आजी कुठल्या गावची, हे सांगणारा माणूस कोणत्याही योजनेतून मिळत नाही. भूकंप नसतानाही प्रत्येक वृद्धाच्या मृत्यूबरोबर असेच काही गाडले जाते.

म्हणून वाचकहो, नोव्हेंबरमध्ये कबरींवर मेणबत्त्या लावताना एक वहीही उघडावी. घरातील सर्वांत वडील माणसाजवळ बसून आज्या-पणज्यांची नावे, त्यांची माहेरे, केलेली कामे, सोसलेले दुःख आणि अडीअडचणीत ज्यांनी हात दिला त्यांची नावे लिहून घ्यावीत. मग तो हात देणारा कोणत्याही जातिधर्माचा असो. थोर पूर्वज सापडतीलच असे नाही. पण ज्यांचे नाव जगाने लिहिले नाही, त्यांचे नाव निदान त्यांच्या लेकरांनी तरी लिहावे, एवढे ऋण आपल्यावर निश्चित आहे.