मागणीपत्रात नसलेलं कलम

पिंपरी-चिंचवड किंवा चाकणच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात वेतनकरार झाला की गेटवर गुलाल उधळला जातो आणि दुसऱ्या दिवशी करारातली कलमं वर्तमानपत्रात येतात. पगारवाढ किती, करार किती वर्षांचा, मेडिक्लेमची रक्कम किती वाढली, आईवडिलांना त्यात घेतलं का, कामगार दगावला तर घरच्यांना काय मिळणार. कामगाराचं घर कुठे कुठे अडतं, हे त्या कलमांवरून कळतं. इथल्या संघटनांना मागायला सुचत नाही, असंही नाही. २०१३ साली बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यात पन्नास दिवस काम बंद होतं, तेव्हा विश्वकल्याण कामगार संघटनेच्या मागण्यांत प्रत्येक कामगाराला कंपनीचे पाचशे शेअर एक रुपया दराने द्यावेत, अशीही एक मागणी होती. कंपनीच्या मालकीत वाटा मागण्यापर्यंत या पट्ट्यातल्या कामगारांनी मजल मारली आहे.

मूल होत नाही म्हणून उपचार घेणाऱ्या जोडप्याचा खर्च आणि त्यासाठी लागणारी रजा, हे कलम मात्र अशा बातम्यांत माझ्या वाचनात आलेलं नाही. ते का नाही, याचं उत्तर मला युनियनच्या सभेत सापडतं. बायपासचा खर्च विम्यात आला, कारण कुणीतरी सभेत उभा राहून म्हणाला की माझ्या बापाचं ऑपरेशन झालं आणि चार लाखांचं कर्ज झालं. डायलिसिसबद्दलही कुणीतरी असंच बोललं असणार. पण दोनशे सहकाऱ्यांसमोर उभं राहून ‘माझ्या तपासणीत शुक्राणू कमी निघाले, तिसऱ्यांदा आयव्हीएफ करतोय, मदत करा’ असं कोण म्हणेल? जे बोललं जात नाही ते मागणीपत्रात येत नाही. आणि मदत कुठूनच येणार नाही हे ठाऊक असल्यामुळे माणूस आणखी गप्प होतो. या दुखण्यातला मानसिक आधार आणि पैशांचा आधार हे दोन वेगळे प्रश्न नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी.

पैशांचा हिशेब आधी पाहू. खासगी दवाखान्यात आयव्हीएफच्या एका सायकलला इंजेक्शनं, तपासण्या, भूल, प्रयोगशाळा असं सगळं धरून साधारण दीड ते अडीच लाख रुपये लागतात. पस्तिशीच्या आतल्या स्त्रीलाही एका सायकलमध्ये यश मिळण्याची शक्यता ढोबळमानाने तीनात एक. म्हणजे पहिला प्रयत्न फसणं हे दुर्दैव नव्हे, तेच अधिक संभवनीय आहे. आणि पैसे उभे करताना घरात दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नाचा विचार बहुधा झालेलाच नसतो. पहिल्या वेळी पतपेढीचं कर्ज निघतं. दुसऱ्या वेळी पीएफ काढला जातो, मंगळसूत्र सोडून बाकीचं सोनं गहाण जातं. तिसऱ्या वेळी गावाकडच्या जमिनीचा विषय निघतो आणि तिथे भावाला कारण सांगावं लागतं. गुपित फुटतं ते बहुतेक वेळा असं, पैशापायी.

विमा इथे उपयोगी पडत नाही. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९मध्ये आरोग्य विम्यातून वगळायच्या बाबींची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली. त्या यादीत सतरावा क्रमांक वंध्यत्वाचा आहे: कृत्रिम गर्भधारणा, आयव्हीएफ, इक्सी, सगळं त्याच एका ओळीत बाहेर. आयुष्मान भारत योजनेनेही प्रजननविषयक उपचार वगळले आहेत. याउलट केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत आयव्हीएफचा खर्च परत देण्याची सोय केली. एका सायकलला ६५ हजार रुपये आणि जास्तीत जास्त तीन सायकल, अशी मर्यादा घालून का होईना. म्हणजे हा आजार आहे आणि त्यावरचा उपचार ही चैन नाही, हे सरकारला मान्य आहे. ते मंत्रालयातल्या कारकुनाच्या बाबतीत खरं असेल तर भोसरीच्या लेथ ऑपरेटरच्या बाबतीत खोटं कसं ठरतं?

शिवाय वगळलेली बाब परत आत घेता येतच नाही, असंही नाही. समूह विम्यात मालकाने जादा हप्ता भरला की ते कलम जोडता येतं. काही आयटी कंपन्यांनी ठरावीक रकमेपर्यंत ते जोडलेलं आहे. हिंजवडी आणि भोसरी यांच्यातलं अंतर तासाभराचं आहे. फरक इतकाच की आयटीत माणसं टिकवायला कंपनी हे आपणहून देते, आणि शॉप फ्लोअरवर जे मागितलं जात नाही ते मिळत नाही.

पैशाइतकीच टंचाई वेळेची. हे उपचार करणाऱ्यांखेरीज फारसं कुणाला ठाऊक नसतं की आयव्हीएफला शरीराचं वेळापत्रक पाळावं लागतं, दवाखान्याचं नाही आणि कंपनीचं तर नाहीच. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस रोज इंजेक्शन. मध्ये दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मग डॉक्टर सांगतील त्या मिनिटाला, बहुधा रात्री, शेवटचं इंजेक्शन आणि त्यानंतर सुमारे ३५ तासांनी स्त्रीबीज काढण्याची प्रक्रिया. हा तास पुढेमागे करता येत नाही. आता आठवड्याला पाळी बदलणाऱ्या माणसाने हे कसं जुळवायचं? कायम कामगार निदान सुट्ट्या मागू शकतो, कुणाशी पाळी बदलून घेऊ शकतो. ठेकेदाराकडच्या मुलाने महिन्यात चार खाडे केले की त्याच्या जागी पाचव्या दिवशी दुसरा उभा असतो. वायर हार्नेसच्या किंवा इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर उभं राहून काम करणाऱ्या मुली याच वयाच्या, पंचविशी-तिशीच्या आहेत आणि त्यांतल्या कितीतरी कंत्राटी आहेत. पोटात सुजलेले अंडाशय घेऊन आठ तास उभं राहणं म्हणजे काय, ते सुपरवायझरला सांगायची सोय नसते.

आपल्या मातृत्व लाभ कायद्याने १९६१ पासून गर्भपात झालेल्या स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली. २०१७च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा २६ आठवडे झाली, सरोगसीतून आई होणारीलाही १२ आठवडे मिळाले. चांगलं झालं. पण गर्भ राहावा म्हणून जी स्त्री दवाखान्याच्या खेपा घालते तिच्यासाठी एक दिवसही नाही, आणि तिच्या नवऱ्यासाठी तर नाहीच नाही.

नवऱ्याबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे, कारण हा पट्टा पुरुष कामगारांचा आहे. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचं कारण असतं, एकट्याचं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीने. वीर्यतपासणी ही या सगळ्यातली सर्वांत स्वस्त आणि बिनत्रासाची चाचणी आहे. तरीही आधी दोन वर्षं बायकोचं सगळं तपासून होतं, तिला देवऋषीकडेही नेलं जातं, आणि मग नवरा नाइलाजाने प्रयोगशाळेत जातो. वृषणाला शरीरापेक्षा दोन-चार अंश कमी तापमान लागतं. म्हणून सततची उष्णता शुक्राणूंना मारक ठरते, हे वैद्यकशास्त्र फार पूर्वीपासून सांगतं. फाउंड्री, फोर्जिंग, हीट ट्रीटमेंट, पेंट शॉपची भट्टी: या कामांनी भोसरी आणि चाकण उभं राहिलं आहे. शिसं आणि काही द्रावकंही याच यादीत येतात. इथल्या किती जणांना कामामुळे हा त्रास झाला, ते मोजल्याशिवाय कुणी म्हणू नये. पण मोजलं पाहिजे, आणि ते मोजायला लावण्याचं काम कामगारांनीच करायचं असतं.

तसं घडलेलंही आहे. १९७७ साली कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी कीटकनाशकांच्या एका कारखान्यातल्या कामगारांच्या आपसातल्या बोलण्यातून लक्षात आलं की आपल्या विभागात कित्येकांना मूलच होत नाही. त्यांच्या संघटनेने तपासणीचा आग्रह धरला. वीर्यतपासणीत बऱ्याच जणांत शुक्राणू नगण्य किंवा शून्य निघाले. कारण होतं तिथे बनणारं डीबीसीपी हे रसायन. पुढे अमेरिकेत त्याचा वापर थांबवला गेला. ते शोधून काढण्याची सुरुवात कुठल्या संशोधन संस्थेने केली नाही. लाज बाजूला ठेवून चार माणसं एकमेकांशी बोलली, तिथून ती झाली. आपल्याकडे कारखान्यांतल्या वार्षिक तपासणीत कान तपासतात, फुप्फुसं तपासतात, डोळे तपासतात. भट्टीवरच्या कामगाराला हवी असेल तर वीर्यतपासणी गोपनीय ठेवून मोफत मिळावी आणि दोष निघाल्यास त्याला काही महिने थंड विभागात बदली मिळावी, एवढं मागायला काय हरकत आहे? शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तीन-चार महिन्यांच्या बदलीने काहींचा प्रश्न आयव्हीएफपर्यंत जाणारही नाही.

घरातला भाग याहून अवघड. चिखली, मोशी, तळवडे, म्हाळुंगे इथल्या भाड्याच्या खोल्यांत राहणारी बहुतेक जोडपी लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा, जळगाव अशा ठिकाणांहून आलेली. शहरात त्यांना बोलायला माणूस नाही, आणि गावाकडे जी माणसं आहेत त्यांना प्रश्नाशिवाय दुसरं बोलता येत नाही. दिवाळीला गेलं की ‘गोड बातमी कधी?’ डोहाळजेवणाला बोलावलं तर ओटी भरायला हिला पुढे करत नाहीत, आणि नाही बोलावलं तर तेही कळतंच. बाई निदान बहिणीजवळ रडते. पुरुष ओव्हरटाइम वाढवतो. पैसेही लागतात आणि घरी कमी थांबावं लागतं. भ्रूण आत सोडल्यापासून रक्ततपासणीपर्यंतचे दोन आठवडे, आणि निकाल ‘नाही’ आल्यानंतरचा महिना, हा काळ या जोडप्यांना सर्वांत जड जातो. मृत्यू झाला तर चार माणसं दारात येतात. इथे जे गेलं त्याला नावच नव्हतं, म्हणून कुणी येत नाही.

२०२१च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दवाखान्यांवर समुपदेशनाची जबाबदारी टाकली आहे: उपचारांचे परिणाम आणि यशाची शक्यता जोडप्याला नीट सांगितली पाहिजे. पण ज्याचं उत्पन्न पुढच्या सायकलवर अवलंबून आहे, त्याच्याच नोकरीतला समुपदेशक ‘आता थांबा’ असं कितीदा म्हणू शकेल? म्हणून हा माणूस दवाखान्याबाहेरचा हवा. कंपनीच्या आरोग्य केंद्रात, महापालिकेच्या रुग्णालयात किंवा संघटनेच्या कार्यालयात बसणारा. थांबायचं कधी हे पहिल्या इंजेक्शनच्या आधी ठरवायला मदत करणारा. दत्तकाची प्रक्रिया समजावणारा, आणि मुलाशिवायचा संसारही पूर्ण संसारच असतो, हे सासूसमोर सांगायला न कचरणारा. उपचार चालू ठेवण्यासाठीच आधार दिला, तर कर्जाच्या खाईत ढकलायला आपणही हात लावला असं होईल.

लोकसंख्या एवढी असताना यावर सार्वजनिक पैसा कशाला, असं विचारणारे असतात. त्यांना माझं उत्तर असं: लोकसंख्येचा भार कमी करण्याची जबाबदारी, ज्यांना एकही मूल नाही त्यांच्यावर कुणी टाकली? क्षय आणि रक्तक्षय आधी, हे म्हणणं मात्र मला पटतं. पण आपल्याकडे गर्भनलिका बंद होण्यामागे जननेंद्रियांचा क्षय हे एक मोठं कारण आहे, म्हणजे हे दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेलेच आहेत. बहुसंख्य जोडप्यांना आयव्हीएफ लागतही नाही. थायरॉइड, वीर्य, गर्भनलिका, क्षय यांच्या तपासण्या वेळेवर आणि एका छताखाली झाल्या तर वर्षं आणि लाख दोन्ही वाचतात. पिंपरीच्या संत तुकारामनगरमधल्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात आणि चिंचवडच्या मोहननगरमधल्या कामगार विमा रुग्णालयात जोडप्यांसाठी असा आठवड्याचा एक दिवस राखून ठेवता येईल, तोही संध्याकाळचा, पहिली पाळी सुटल्यावर.

आणि आयव्हीएफ हे खासगी दवाखान्यांचंच काम, अशी समजूत असेल तर इतिहास वेगळा आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत आयव्हीएफमधून हर्षा चावडाचा जन्म झाला, तो महापालिकेच्या केईएम रुग्णालयात. हे घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा तिथल्या, आणि त्यांच्या जोडीचे डॉ. आनंदकुमार परळच्याच सरकारी संशोधन संस्थेतले. सार्वजनिक पैशांवर उभ्या राहिलेल्या या विद्येची पुढे बाजारपेठ झाली. २०२३मध्ये गोव्याने बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात मोफत आयव्हीएफ सुरू करून ती परत सरकारी दवाखान्यात आणली. मुंबईच्या कामा रुग्णालयातही केंद्र निघालं. पुणे जिल्ह्यातल्या एवढ्या मोठ्या कामगारवस्तीला हे मागण्याचा हक्क आहे.

चाकणला २००९मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीजचे कारखाने सुरू झाले, जपानी कंपन्याही इथे बऱ्याच आहेत. जर्मनीत २००४पासून कायदेशीर आरोग्य विमा विवाहित जोडप्याच्या पहिल्या तीन प्रयत्नांचा निम्मा खर्च उचलतो. जपानने एप्रिल २०२२पासून आयव्हीएफ सार्वजनिक विम्याखाली आणलं. हे तिथे कंपनीच्या मर्जीवर नाही, देशाच्या कायद्यात आहे. आपल्याकडे कायदा होईल तेव्हा होईल. वेतनकरार मात्र तीन-चार वर्षांनी होतोच.

पुढच्या कराराचं मागणीपत्र लिहायला बसणाऱ्या पदाधिकाऱ्यांना म्हणून सांगणं आहे. चार ओळी जादा लिहा: समूह विम्यातलं वंध्यत्वाचं कलम आत घ्यावं आणि त्याला रकमेची व प्रयत्नांची मर्यादा असावी; पती आणि पत्नी दोघांनाही उपचारकाळात पगारी रजा आणि पाळी बदलण्याची मुभा मिळावी; भट्टीवरच्या कामगाराला गोपनीय तपासणी आणि तात्पुरती बदली मिळावी; हे सगळं कंत्राटी कामगारालाही लागू व्हावं. सभेत कुणी उठून मागणार नाही. न मागता लिहा.